मागची कोलांटउडी आणि अर्ध्यावर बदलणारं मन

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, घर डिचोलीला, नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत. लहानपणी मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स काही केलेलं नाही. चार महिने दर रविवारी मित्रांबरोबर मोरजीच्या किनाऱ्यावर वाळूत बॅकफ्लिपचा, म्हणजे मागच्या कोलांटउडीचा, प्रयत्न चालू आहे. उडी निघते, गुडघेही वर येतात, पण अर्ध्यावर अंग आपोआप उघडतं आणि हातापायांवर पडायला होतं. दोनदा मनगट मुरगळलं. आता नुसतं उभं राहिलं तरी पाय जड होतात. भीती घालवायची कशी, आणि या वयात हे जमेल का?

वयाचं आधी सांगतो, म्हणजे तो विषय डोक्यातून जाईल. २७ हे वय या कामाला मुळीच जास्त नाही. चाळिशीला टेकलेली माणसं माझ्याकडे शिकली आहेत. मुलांना जे दोन महिन्यांत येतं त्याला मोठ्यांना सहा लागतात, कारण वजन जास्त, मनगटं आणि घोटे कमी सरावलेले, आणि हात मोडला तर कामावर कोण जाणार ही चिंता सतत सोबत. एवढाच फरक आहे.

आता भीती. मी २२ वर्षं जिम्नॅस्टिक्स शिकवतो आहे, आधी फोंड्याला आणि आता म्हापशाला. आधी भीती गेली आणि मग कोलांटउडी आली, असं एकही उदाहरण माझ्यासमोर घडलेलं नाही. क्रम उलटा असतो. तुमचं वर्णन वाचून तर मला वाटलं, या माणसाची भीती शहाणी आहे. उलटं झाल्यावर पुढे काय करायचं हे अंगाला माहीत नाही, ही गोष्ट तिला तुमच्या आधी कळली आहे, म्हणून ती पाय जड करते. तिच्याशी भांडू नका. तिला विचारा, नेमकी कशाची?

‘पडायची’ हे उत्तर घेऊ नका, ते फार ढोबळ आहे. माझ्याकडे बारा वर्षांची एक मुलगी होती, सगळं येत असूनही तीन आठवडे जागची हलेना. मी विचारत राहिलो. आधी म्हणाली पडायची, मग म्हणाली डोक्यावर पडायची, मग मागचं दिसत नाही. शेवटी हळूच म्हणाली, “सर, तुम्ही कुठे उभे आहात ते मला कळत नाही.” हे उत्तर कामाचं होतं. त्या दिवसापासून उडीच्या आधीच मी तिच्या कमरेवर तळहात टेकवून ठेवायला लागलो. चौथ्या दिवशी ती उडाली. तीन आठवडे मी तिला धीर देत होतो, आणि हवा होता फक्त हाताचा स्पर्श.

तुमच्या भीतीचं उत्तर तुम्ही प्रश्नातच दिलं आहे: अर्ध्यावर अंग उघडतं. सगळं इथे अडलं आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

पायांनी जमीन सोडली की तुमच्याकडे जेवढी फिरकी आहे तेवढीच राहते. हवेत ती वाढवता येत नाही, टाकूनही देता येत नाही. तुमच्या हातात उरतं ते अंग मिटणं किंवा उघडणं. ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीवर हात-पाय पसरून गिरकी घ्या आणि मग ते आत ओढा, खुर्ची एकदम वेग घेईल. पुन्हा पसरा, मंदावेल. कोलांटउडीत हाच हिशोब आहे. गुडघे छातीशी घेऊन घट्ट गोळा झालेला माणूस ताठ माणसापेक्षा साधारण तिपटी-चौपटीने वेगात फिरतो. आता बघा, डोकं खाली आलेलं असताना, म्हणजे वेगाची सगळ्यात जास्त गरज असताना, तुम्ही अंग उघडता. फिरणं तिथेच मंदावतं, खाली येणं मात्र त्याच वेगाने चालू राहतं. म्हणून तुम्ही हातांवर येता. जागच्या जागी ४५ सेंटिमीटर उडी घेणाऱ्याला हवेत सुमारे ०.६ सेकंद मिळतात. त्या वेळात मन बदलून दुसरं काही करता येत नाही.

म्हणून नवशिक्यांना मी पहिल्या दिवशीच सांगतो, हवेत घाबरलात तर आणखी घट्ट मिटा. घाबरलेल्या अंगाला उघडावंसं वाटतं, हात जमीन शोधायला निघतात. ती सवय मोडायची आहे. मिटून जास्त फिरलात तर बुडावर पडाल, नाहीतर मागे गुलांटी खात जाल. ते स्वस्त आहे. कमी फिरून हातावर किंवा मानेवर येणं महाग आहे. ही एक गोष्ट अंगात मुरली की निम्मी भीती गळते. मध्ये घाबरलो तर काय करायचं, याला आता उत्तर असतं.

दुसरा नियम निर्णयाचा. मागे फिरायची मुभा जमिनीवर आहे, हवेत नाही. माझ्याकडे ठरलेली पद्धत आहे: दोन श्वास, हात वर, नजर समोरच्या खुणेवर. इथपर्यंत कोणीही थांबून बाजूला जाऊ शकतो, आणि त्याला कोणी काही बोलायचं नाही. हात एकदा झोका घ्यायला खाली आले की मग उडी पूर्णच करायची, कशीही होवो. मुलांपेक्षा मोठ्यांना हा नियम जास्त लागतो. मोठा माणूस झोका घेता घेताच विचार करत असतो, आणि त्याची उडी ना धड वर जाते ना मागे. सगळ्यात वाईट पडणं मी अशाच अर्धवट उडीत पाहिलं आहे.

आणि स्वतःही भोगलं आहे. १९ वर्षांचा होतो. कोलांटउडी मला वर्षभर येत होती. ओहोटीच्या वेळी ओल्या, चापून बसलेल्या वाळूवर मित्रांसमोर उडालो. झोका घेतानाच पाय किंचित घसरल्यासारखा वाटला आणि हवेत मनात आलं, नको. उघडलो. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. हाड दोन महिन्यांत जुळलं, पण पुढचं दीड वर्ष मी मागे उडू शकलो नाही. अंगात ताकद होती, उडी पूर्वीपेक्षा उंच होती, तरी हात वर केले की घाम फुटायचा. तेव्हा सगळे म्हणत, एकदा डोळे मिटून मार. मारली असती तर पुन्हा मोडलं असतं. शेवटी मला ज्यांनी मल्लखांब शिकवला त्या गुरुजींनी गुलांटीपासून परत सुरुवात करायला लावली, सात वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभं करून. पहिल्या दिवशी लाज वाटली. पण तीन महिन्यांनी मी परत उडालो, आणि त्या दिवशी हात वर केले तेव्हा घाम आला नाही. तुमच्या मनगटाचं वाचून मला ते दिवस आठवले, म्हणून एवढं कळकळीने लिहितो आहे.

म्हणजे वाळूबद्दलही बोलायलाच हवं, कारण गोव्यात जो तो कोलांटउडी किनाऱ्यावरच शिकायला जातो. वाळू मऊ असते हे अर्धंच खरं आहे. कोरडी भुसभुशीत वाळू पायाचा जोर गिळून टाकते, उडी निम्मी होते, आणि उतरताना घोटा कुठल्या बाजूने रुतेल सांगता येत नाही. ओली वाळू पाय छान उचलून देते, पण डोक्याला ती जवळजवळ मातीच्या अंगणासारखीच लागते. मध्ये कुठे कोणी खणलेला खड्डा असतो, शिंपला असतो, बाटली असते. ज्याला कोलांटउडी येते त्याने वाळूत मारावी, आनंद आहे. शिकायची जागा ती नाही. रविवारी मोरजीला जा, पण तिथे नुसत्या उंच उड्या मारा आणि धावा. घोटे मजबूत होतील.

पाण्यात शिकावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या महिन्यात कोणीतरी सुचवेल म्हणून सांगून ठेवतो. प्रशिक्षक असलेल्या खोल तरणतलावात, फळीवरून, चालेल. समुद्रात नाही. कमरेएवढ्या पाण्यात लाट ओसरते तेव्हा खाली वीतभरच पाणी उरतं आणि डोकं थेट वाळूवर जातं. अशा उडीत मान मोडून माणसं कायमची अंथरुणाला खिळली आहेत. पावसात भरलेल्या चिरेखाणींकडे तर फिरकूही नका. तिथे तळ कुठे आहे आणि चिऱ्याचा टप्पा कुठे, वरून काहीच दिसत नाही.

मग शिकायचं कसं? आधी पडायला. आषाढात माशेलच्या देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो पाहिला असेल. तेल लावलेल्या अंगाने त्या लाल चिखलात लोळलेल्या पोरांना मला पडणं शिकवावं लागत नाही. ती पडताना श्वास सोडतात, अंग गोल करतात आणि लोळून उठतात. मोठी माणसं पडताना ताठ होतात आणि हात मागे टाकतात. तुमचं मनगट त्यामुळेच गेलं. उकिडवे बसा, हनुवटी छातीशी, हात छातीवर, आणि मागे लोळत जाऊन परत या. रोज ३० वेळा. हात मागे टेकायचेच नाहीत. मग थोड्या उंचीवरून, मग उभं राहून. हे कंटाळवाणं वाटेल, पण दोन आठवड्यांत तुमचे हात मागे जायचे थांबतील, आणि तेवढ्यासाठीच ते करायचं.

मागची गुलांटी सपाटीवर शिकू नका, मानेवर वजन येतं. फळीवर गादी टाकून उतार करा आणि उतारावरून खाली जा. उलटं होऊन पुन्हा पायांवर येणं, ही ओळख अंगाला तिथे होते.

त्यानंतरची पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि व्हिडिओ पाहून शिकणारे नेमकी तीच गाळतात: कमरेएवढ्या उंचीचा गाद्यांचा ढीग रचून त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, हात झोकून सरळ वर उडायचं आणि ताठ अंगाने पाठीवर ढिगावर पडायचं. गुडघे घ्यायचे नाहीत, फिरायचं नाही. मागे, न दिसणाऱ्या जागेत, स्वतःला सोडून द्यायचं आणि काहीही होत नाही हे ५० वेळा, १०० वेळा अनुभवायचं. पहिल्या दहा उड्यांत प्रत्येक जण कमरेत वाकतो, ढुंगण आधी टेकवतो. ती भीतीच असते, उघड दिसणारी. जेव्हा पाठ सपाट पडायला लागते आणि आवाज एकच ‘धप्प’ येतो, तेव्हा मी पुढे नेतो. कोणाला हे एका दिवसात येतं, कोणाला महिना लागतो. घाई करून मला कधी फायदा झालेला नाही.

याच वेळी डोक्याची सवय बघा. मागे जायचं म्हणून सगळे डोकं मागे फेकतात. डोकं मागे गेलं की पाठ कमानीसारखी होते, उंची जाते आणि गुडघे वर येईनात. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला खूण करा आणि वर जाणं संपेपर्यंत तीच पाहा. कोलांटउडी डोक्याने फिरत नाही. आधी सरळ वर जायचं, मग गुडघे हातांकडे आणायचे, त्यातून कंबर वर उचलली जाते आणि अंग फिरतं. ‘आधी वर, मग मागे’ हे मी दिवसातून इतक्या वेळा म्हणतो की मुलं माझ्या आधीच म्हणून टाकतात.

गुडघे छातीला लावून दहा उड्या, आवाज न करता उतरत, सलग जमत असतील. पाठीवर पडून हात-पाय जमिनीपासून वर धरलेली होडी ३० सेकंद राहत असेल. आणि गाद्यांवर न घाबरता पडत असाल, तर अंग तयार आहे. मान किंवा कमरेच्या मणक्याचा त्रास, कानामुळे येणारी चक्कर, डोळ्यांचा मोठा मायनस नंबर, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तुमचं मनगटही एकदा दाखवून घ्या. दोनदा मुरगळलेलं आहे, ते सहज घेऊ नका.

पुढचं काम मात्र एकट्याचं नाही. पहिल्या खऱ्या उड्या दोघांच्या आधाराने घ्याव्या लागतात. एक हात कमरेखाली, दुसरा मांडीच्या मागे, दोन्ही बाजूंनी. आधार देणाऱ्याने हे आधी बऱ्याच जणांना दिलेलं असावं. मोबाइलवर चित्रीकरण करणारा मित्र आधार देऊ शकत नाही, आणि ज्याला स्वतःला कोलांटउडी येते त्याला ती धरता येतेच असंही नाही. म्हापसा, पणजी, मडगाव इथे वर्ग शोधा, गाद्या बघा, आणि प्रशिक्षक आधार कसा देतात ते अर्धा तास बाजूला बसून पाहा.

बघताना एक गोष्ट नक्की तपासा. काही जण ‘धरलंय, धरलंय’ म्हणतात आणि ऐन वेळी हात काढून घेतात, मग हसून सांगतात, बघ, एकट्याने मारलीस. मला याची चीड येते. त्या दिवशी उडी होते, पण त्या माणसाचा हातावरचा विश्वास जातो, आणि पुढच्या वेळी तो हवेत हात शोधत उघडतो. मी हात कमी करतो ते सांगून: आज दोन हात, आज एक, आज फक्त बोटं टेकवणार, आज बाजूला उभा आहे पण शिवणार नाही. शिकणाऱ्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय एकही हात कमी होत नाही.

थांबण्याची लाज वाटू देऊ नका. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा मी मुलांना जिम्नॅस्टिक्स पाहायला नेलं होतं आणि सांगितलं होतं, स्पर्धेइतकाच सराव बघा. सरावात देशातले उत्तम खेळाडू धावत यायचे, मध्येच थांबायचे, चालत परत जायचे, पुन्हा यायचे. मुलांना त्याचं फार आश्चर्य वाटलं. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स, तिचं तर जगाने पाहिलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ ला, सांघिक अंतिम फेरीत व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन घोड्यावर हात टेकून मारायच्या उडीत, अंगाच्या अडीच पिळांच्या जागी तिचे दीडच झाले. हवेत आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं होतं. तिने तिथेच माघार घेतली. नंतर फक्त बीमवर, म्हणजे अरुंद तुळईवर, खेळली, शेवटी खाली येताना पिळाशिवायची उडी निवडली आणि कांस्य मिळवलं. २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्ण आणि एक रौप्य. ज्या दिवशी हवेतली दिशा हरवली त्या दिवशी तिने एक पायरी खाली येऊन काम केलं. तुम्हालाही आज तेच करायचं आहे.

पुढची कोलांटउडी आधी शिकू का, असंही बरेच जण विचारतात, कारण निदान समोर तर दिसतं. निघताना दिसतं, उतरताना नाही. पुढच्या कोलांटउडीत पाय टेकतात तेव्हा जमीन नजरेआड असते, म्हणून माणसं बुडावर बसतात किंवा गुडघ्यावर जातात. मागच्या कोलांटउडीत तीन चतुर्थांश फिरून झालं की जमीन दिसते, आणि पाय कुठे ठेवायचे ते कळतं. आपल्या दीपा कर्माकरने २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये प्रोदुनोवा नावाचा जो व्हॉल्ट केला, त्यात घोड्यावर हात टेकून पुढे दोन कोलांटउड्या आहेत आणि उतरणं असं न दिसणारं, म्हणून तो इतका अवघड मानतात. १५.०६६ गुण मिळवून ती चौथी आली, कांस्य ०.१५ ने हुकलं. तिचा तो व्हॉल्ट जमिनीवर येतानाच्या क्षणी थांबवून पाहा, मी काय म्हणतो ते दिसेल. तर सुरुवात वाकडी वाटली तरी तुम्ही मागचीच धरा.

सरावाचं एवढंच: आठवड्यातून तीन दिवस, ताज्या अंगाने, खऱ्या उड्या एका दिवसात सहा ते आठ. ‘एक शेवटची’ कधीही मारू नका. माझ्या वर्गातल्या बहुतेक दुखापती दमलेल्या पायांनी मारलेल्या शेवटच्या उडीत झाल्या आहेत. पावसाळ्यात गाद्या ओल धरतात, वरून कोरड्या वाटल्या तरी पाय सरकतो. आधी हात फिरवून बघा. रात्री झोपताना डोळे मिटून पूर्ण उडी आतून बघा, हात वर, खूण, गुडघे, जमीन, पाय. त्यात अर्ध्यावर चित्र तुटत असेल तर अंगही तिथेच तुटेल. जिथे तुटतं ती जागा दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांना सांगा.

तर येत्या रविवारपासून मागची कोलांटउडी पूर्ण बंद. मनगट बरं होईपर्यंत हातावर भार नको, पण लोळायला हात लागत नाहीत, ते आजच सुरू करा. वर्ग मिळाला की गाद्यांच्या ढिगापासून, आणि तिथे ‘मला अर्धवट येते’ असं सांगू नका, काहीच येत नाही असं सांगा, म्हणजे तुम्हाला पहिल्या पायरीवर उभं करतील. जूनमधल्या सांजावच्या सणाला मित्रांबरोबर विहिरीत उडी मारणार असाल तर पाय खाली ठेवून, तळ आणि पाणी आधी कोणीतरी उतरून तपासल्यावर, आणि त्या दिवशी कोणी कितीही आग्रह केला तरी मागे तोंड करून नाही.